हाताला हात

निवृत्तीनंतर रविवारी प्रदर्शनं पाहायची सवय मला कलेच्या प्रेमापोटी लागली, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे शहराच्या टोकाला, बेसाच्या फ्लॅटमध्ये रविवार संपता संपत नाही. प्रदर्शनात निदान माणसं कुजबुजत असतात, आणि चित्रं वाईट असली तर मनातल्या मनात चार शिव्या हासडता येतात. चित्रकलेची शिक्षिका होते मी. ती हौस अजून फिटलेली नाही.

त्या महिन्यात एका खोलीत चित्रंच नव्हती. तांब्याने मढवलेले दोन खांब आणि छताला भरपूर छोटे दिवे, सगळे विझलेले. पाटीवर लिहिलं होतं: दोघांनी एकेका खांबाला हात लावावा आणि मोकळ्या हाताने एकमेकांचा हात धरावा, म्हणजे दिवे लागतील. मी दोन्ही हात ताणून पाहिले. अंतर काही पुरेना. दारावरचा रखवालदार बघत होता.

"मॅडम, सोबत कोणाले तरी आना न. एकट्यानं नाई लागत ते."

"पुढच्या रविवारी आणते," मी तोऱ्यात सांगितलं. पुढच्या रविवारी एकटीच गेले आणि त्याची नजर चुकवत बाहेरची चित्रं पाहत राहिले. कोणाला आणणार? नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. नणंदेला फोन केला, तर तिने गुडघे पुढे केले. अनोळखी बाईला 'जरा हात धरता का' असं विचारायचं धाडस होईना, आणि ते दिवे लागलेले पाहायची इच्छाही जाईना. रडू यावं इतकी चीड येत होती त्या खांबांची.

तिसऱ्या रविवारी खेड्याकडचं एक कुटुंब आलं. चपला दाराशी काढूनच आत शिरले. म्हाताऱ्याने खांब पाहिला, डोळे मिटले आणि तळवा टेकवला. तांब्याचा खांब, वर दिवे, म्हणजे देवच असणार. पूजेच्या वेळी सगळ्यांचे हात ताटापर्यंत पोचत नाहीत, म्हणून मागच्याने पुढच्याच्या कोपराला हात लावायचा. तसा मुलाने बापाच्या कोपराला लावला, सुनेने मुलाच्या आणि म्हातारीने सुनेच्या. 'अहो, हा देव नाही' हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. शिक्षिकेची खोड.

तेवढ्यात म्हातारी माझ्याकडे वळली. "दूर काहून उभ्या राहिल्या वं बाई? लावा नं हाताले हात."

हे गेल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं. दिराकडच्या वास्तुशांतीला सगळ्यांनी हात लावले, तेव्हा मला कोणी अडवलं नाही, नुसतं बोलावलं नाही. मीही पोळ्यांकडे बघायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. या म्हातारीने माझं कोरं कपाळ नीट पाहिलं आणि तरी हात पुढेच ठेवला. खरखरीत, गरम हात. मी तो धरला आणि दुसरा तळवा माझ्या बाजूच्या खांबावर ठेवला.

सगळे दिवे एकदम लागले. "अवं माय!" म्हणून सून हसली. मला मात्र नीट दिसलंच नाही, डोळे भरून आले होते.

म्हाताऱ्याने हात काढला तसे दिवे विझले. पारशिवनीची गाडी चुकेल म्हणून मुलगा घाई करू लागला. तिघेही दाराकडे निघाले. म्हातारी जागेवरच उभी होती. मला वाटलं, तिलाही अजून थांबायचंय.

"सोडा नं वं बाई आता," ती हळूच म्हणाली, "जाऊन राहिले सगळे."