टॉवेलाखालचे हात

दवाखान्यात तो माझ्याशेजारी बसायचा, दोन्ही हात टॉवेलाखाली झाकून. मंगळवार पेठेतला गवळी. संधिवातानं बोटं सुजल्यापासून धार त्याचा भाऊ काढायचा. "म्हस त्येला पान्हाच सोडंना," असं तो भिंतीकडं बघत बोलायचा. माझे तरी हात कुठं धड होते? पाण्याचा पेलाही मी दोन तळव्यांत दाबून धरायचो.

एकदा डॉक्टरीणबाईंनी अभ्यासासाठी आमचं रक्त मागितलं. रक्तातल्या अँटिबॉडींवर साखरेची नक्षी असते म्हणे. ती बघून कुणाला कुठलं औषध लागू पडेल, हे आधीच ओळखता येतं का, ते त्या तपासत होत्या. "खात्री नाही हं अजून," त्या म्हणाल्या.

मी विचारात पडलो. त्यानं मात्र बाही वर सारली.

"ह्यात इचार कसला? एकेक म्हस एकेका हातालाच पान्हा सोडती. आधी कळलं तर उगं धा हात कशाला लावायचं?"

त्याला साधी गोळी चालेल, मला दुसरं औषध लागेल, असा बाईंचा अंदाज आला, आणि तशीच औषधं सुरू झाली. पुढं कित्येक महिने आमची गाठ पडली नाही.

परवा संध्याकाळी, गिऱ्हाइकांसमोर धार काढून देतात त्या दूधकट्ट्यावर तो दिसला. टॉवेल खांद्यावर, दोन्ही मुठी म्हशीच्या कासेला, चरवीत फेस मावत नव्हता. मला बघताच त्यानं दुधाचा पेला भरून पुढं केला. मी घेतला.

"बाईंचा अंदाज खरा ठरला, बघा!" मी म्हणालो.

तो माझ्या हाताकडं बघत राहिला आणि सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल असं ओरडला,

"व्हय की वो पावणं! एका हातानं धरलाय न्हवं पेला!"