ऑइल पेंटखालची धाप

आधीच सांगते, भुताखेतांचा विषय निघाला की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे "तुम्हाला भास झाला असेल" म्हणणाऱ्यांनो, ते मी स्वतःला कधीच म्हणून झालंय...

साल २००५. ह्यांची बँकेतून चेन्नईला बदली झाली आणि आम्ही अण्णा नगरला तळमजल्यावर भाड्याने राहू लागलो. घरमालकीण रुक्माबाई वर राहायच्या. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या मराठी. मला "काय गे" म्हणायच्या, ते फार गोड वाटायचं.

दिवाळीपासून तिथे पाऊस लागला आणि आमच्या पाच वर्षांच्या केतकीच्या छातीत शिट्टी वाजू लागली. डॉक्टर म्हणाले, "आधी घरात बुरशी कुठे आहे ते शोधा." तिच्या खोलीतलं कपाट सरकवलं तर काय, मागची भिंत काळी-हिरवी! नाकाला पदर बांधून ब्लीचिंग पावडरने घासून काढली. तर त्याच संध्याकाळी केतकीला जोराची धाप लागली.

बुरशी परत आली. आणि केतकी बरी! एका दुपारी ती शांत झोपली होती, तरी खोलीत शिट्टी ऐकू येत होती... सूंऽऽ... सूंऽऽ... तिच्या छातीला कान लावला, तिथे काही नाही. भिंतीला लावला, तर शिट्टी तिथूनच येत होती. त्या भिंतीत पाइप नाही, पलीकडे उघडं अंगण. वारा असेल म्हटलं आणि पुन्हा घासली. पुन्हा पोरीला धाप! योगायोग, दुसरं काय. मी बीएस्सी आहे हो.

मग आली संक्रांत. हळदीकुंकवाला मराठी मंडळातल्या बायका येणार आणि भिंतीचं हे ध्यान! तिथे पोंगलच्या आधी सगळे घर रंगवतातच, तेव्हा मीही पेंटर बोलावून त्या भिंतीला चकचकीत ऑइल पेंट मारून घेतला. हे म्हणाले, "अगं, ओली आहे अजून."

"मला कळतं," मी म्हटलं.

हळदीकुंकू ऐन रंगात असताना केतकी आतून "आई" म्हणाली, तेही अर्धंच. धावले. ओठ निळे पडलेले. इनहेलर दिला, उपयोग नाही. हे ऑटो आणायला पळाले. मी तिला मांडीवर घेतलं... आणि समोर पाहिलं.

पेंटला मोठा फुगा आला होता. तो वर येत होता, खाली बसत होता. माझ्या पोरीची छाती हलत नव्हती आणि भिंत हलत होती!

"रुक्माबाई!" मी किंचाळले. त्या दारात आल्या, बघून म्हणाल्या, "आई गे... हें काय!" मी केतकीला त्यांच्याकडे दिलं, स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि तो फुगा टराटरा फाडला. आतून ओला, कुबट वारा तोंडावर आला आणि लांबलचक शिट्टी वाजली. त्याच क्षणी माझ्या मागे केतकीने श्वास ओढला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला चांगलं झापलं. पेंटच्या वासाने अटॅक आला म्हणाले. मान्य. ओल्या भिंतीवर पेंट फुगतो, तेही मान्य. पण तो वर-खाली का होत होता, हे कुणी सांगितलं नाही. रुक्माबाईंनीही पाहिलं होतं. नंतर त्यांनी तो विषय कधीच काढू दिला नाही.

केतकीला आम्ही आमच्या खोलीत झोपवू लागलो. ती भिंत मी पुन्हा घासली नाही. दार लावून घेतलं की शिट्टी बाहेर यायची नाही. केतकीला त्यानंतर आजतागायत धाप लागलेली नाही.

उन्हाळ्यात पुन्हा बदली झाली. सामान निघालं तेव्हा रुक्माबाई म्हणाल्या, "आता ती भिंत फोडून नवी बांधवतें गे." मी मान डोलावली.

ऑटोत बसल्यावर मात्र मला रडू आवरेना. केतकी माझ्या मांडीवर मजेत उड्या मारत होती आणि मला वाटत होतं, आजारी लेकरू मी त्या भिंतीत मागे ठेवून निघालेय.