पुण्यात न शिरता

जेवायला बसले की ते आधी पानावर रस्ता काढायचे. भाताची मूद म्हणजे पुणं. तिच्याभोवती वरण ओतायचे, ती रहदारी. चटणी म्हणजे खोपोली, लिंबाची फोड म्हणजे खडकी आणि पलीकडची जिलबी म्हणजे विद्यापीठ. मग चटणीपासून त्यांचं बोट निघायचं, वरणाला न शिवता लिंबाला वळसा घालायचं आणि जिलबीवर जाऊन टेकायचं. "ह्ये बघा! शहर अंगाला लागू द्यायचं न्हाय!" असं म्हणून ते बोट चाटायचे. सगळी पंगत माना डोलवायची. मला शिसारी यायची.

असे गृहस्थ तुमच्याही आळीत असतील. नसतील तर तुम्ही सुखी आहात.

रेवदंड्याला आमच्या वाडीच्या कुंपणाला लागून त्यांचं घर. किहीमला बंगला असलेल्या मुंबईच्या एका शेठजींकडे ते ड्रायव्हर होते. शेठजींनी नवी गाडी घेतली आणि जुनी काळी मोटार ह्यांच्या गळ्यात मारली. त्या दिवसापासून स्वारीचा थाट काय विचारता! खांद्यावरचा पंचा जाऊन गळ्यात रुमाल आला. मुंबई-पुण्याचं नाव निघालं की नाक मुरडायचे. "मान्सानं ऱ्हायचं ठिकान हाय का त्ये?" मी गिरगावात मावशीकडे राहून बी.ए. झालेली. धावती ट्राम पकडणारी. तरी सुट्टीत घरी आले की शहरात रस्ता कसा ओलांडायचा हे मला ह्यांच्याकडून ऐकावं लागायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मोठ्या आदराने ऐकत बसायचे. त्यांना मोटार लागायची, फाटकाबाहेर गेली नाही तोच ओकारी. त्यामुळे मोटार हाकणारा कोणीही त्यांना मोठाच वाटायचा.

गणेशखिंडीत लाटसाहेबाच्या जुन्या बंगल्यात नवं विद्यापीठ झालं आणि ह्या गृहस्थांचं फावलं. गावातली मुलं कधी फॉर्म भरायला, कधी दाखले आणायला तिकडे जाऊ लागली. आता वाटेतल्या धरमतरच्या खाडीला तेव्हा पूल नव्हता. मोटार तरीवर, म्हणजे सपाट होडीवर, चढवून पलीकडे न्यायची, म्हणून भरती-ओहोटी बघून निघायचं. तिथीवरून भरतीची वेळ काढणं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं, त्यात काही अक्कल लागत नाही. पण ह्यांनी ते गणित शहराला लावलं! "शहरालाबी भरती असते. ती उतरल्याबिगर नाक घालायचं न्हाय." आमच्या शाळामास्तरांच्या मुलाला त्यांनी ह्या हिशोबाने खोपोलीला नदीकाठी बसवून ठेवलं आणि स्वतः झाडाखाली घोरत पडले. मुलगा पोचला तेव्हा फॉर्म घेणारी खिडकी बंद झाली होती. मास्तरांनी काय करावं? ह्यांना मानाचा नारळ दिला. पोरगा सुखरूप परत आणला म्हणून!

खरा प्रकार मला पुढे त्या मुलांकडूनच कळला. हे महाशय एकालाही विद्यापीठापर्यंत नेत नसत. पुण्याच्या अलीकडे दापोडीचा पूल लागतो, तिथे उतरवायचे आणि म्हणायचे, "ह्ये काय, समोरच हाय." मुलं गावात कशाला बोलतील? त्यांना ते पथ्यावरच पडायचं. तिथून बस पकडायची, काम उरकायचं, मिसळ खायची, सिनेमा बघायचा आणि संध्याकाळी पुन्हा पुलापाशी हजर.

पण मुलीला असं पुलावर सोडता येत नाही. इथेच माझ्यामुळे त्यांची पंचाईत झाली.

मला एम.ए. करायचं होतं. मावशीचं बिऱ्हाड नागपूरला हललं होतं, तेव्हा मुंबईचं दार बंद. मी पुण्याला अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. जमलं तर प्रवेश आणि वसतिगृहात खोली. नाही जमलं तर पेणचं एक स्थळ वाट बघत होतं. पापडांचा मोठा कारखाना, घरात एकूण एक बायका लाटण्यापाशी. अण्णांनी त्यांना थांबवून ठेवलं होतं. मला म्हणाले, "लाँचने मुंबई, मग आगगाडी, हे आता तिथे मावशी नसताना मला चालायचं नाही. त्या गर्दीत तू हरवलीस तर कोणाला विचारू? शेजारच्या काकांच्या मोटारीतून शहर टाळून जाणार असलीस तर जा. नाहीतर पेण." झालं! माझं सगळं आयुष्य त्या चाटक्या बोटावर येऊन ठेपलं.

पहाटे निघालो. खाडीवर तरीची होडी वेळेवर मिळाली, पेण गेलं, खोपोली गेली, घाटही चढलो. सगळा वेळ तोंडाचा पट्टा चालू. लोणावळ्याला चहा पिताना त्यांनी हॉटेलवाल्यालाही रस्ता समजावून सांगितला. आणि दापोडीच्या पुलाशी आलो, तशी मोटार वडाखाली थांबली.

"काय झालं, काका?"

"भरती हाय."

मी बाहेर डोकावले. काय दिसलं म्हणता? दोन लष्करी ट्रक, एक टांगा, कारखान्याला निघालेले सायकलवाले आणि एक म्हैस. गिरगावात एवढ्याला आम्ही रस्ता रिकामा आहे असं म्हणत असू.

"काका, मुलाखत आहे माझी. चला."

"पानी उतरू दे, बायो."

"कुठलं पाणी? चला म्हणते ना!"

ते हलेनात. हात मांडीवर, नजर खाली. बघते तर मानेवरून घाम ओघळत होता. मग हळूच म्हणाले, "बायो, पूल उतरला का उजव्या हाताला वळायचं हाय. समोरनं येनाऱ्या गाड्यांच्या आडवं जायाचं. त्ये मला जमत न्हाय. शेठजी लाँचीनं रेवसला यायचे. मी रेवस त्ये किहीम, किहीम त्ये रेवस, येवढीच गाडी मारली. मुंबईत कधी चालिवलीच न्हाय."

मला दया आली असेल असं वाटतं तुम्हाला? छे! डोक्यात तिडीक गेली. एवढी वर्षं पानावर पुणं कालवून खाणारा हा माणूस, आणि ह्याच्या भित्रेपणापायी मी जन्मभर पापड लाटायचे! "आणि गावात एवढ्या बाता मारता? लाज नाही वाटत?" मी ओरडले. ते रुमालाने तोंड पुसत राहिले.

उतरून एकटी निघून जावं, असं फार वाटलं. पण मग हे परत जाऊन अण्णांना काय सांगणार? मुलगी पुलावर उतरली आणि एकटी शहरात गेली. की संपलंच. मला मोटारीतूनच विद्यापीठात पोचणं भाग होतं.

मी दार उघडलं, पदर खोचला आणि मोटारीच्या पुढे जाऊन उभी राहिले. "या माझ्या मागून. मी चालले की चाला, मी थांबले की थांबा. दुसरीकडे कुठे बघू नका." आणि मी निघाले. पुलावरून मी पुढे, मागे ती काळी मोटार गुरगुरत. बोपोडीच्या वळणावर मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि समोरच्या ट्रकला हात दाखवला. तो थांबला. सायकलवाले हसले, एकाने शीळ घातली, चौकातला पोलीस नुसता बघत राहिला. मी दुसऱ्या हाताने काकांना खूण केली. मोटार आचके देत वळली आणि औंधच्या रस्त्याला लागली.

पुढचा रस्ता झाडांचा, शांत. मी आत बसले, तर दोन फर्लांगांत ह्यांचा आवाज परत आला. "बघितलंस, बायो? शहर अंगाला लागू दिलं का?"

मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर कानाखालीच दिलं असतं.

मुलाखत झाली, प्रवेश मिळाला, खोलीही मिळाली. गावी परतलो तर दुसऱ्याच दिवशी एका मुंजीच्या पंगतीत त्यांचं बोट पुन्हा पानावर फिरायला लागलं. ह्या खेपेला त्यात मिलिटरीचे ट्रक आले, पोलीस आला, ह्यांनी गाडी कशी सुळकन काढली तेही आलं. मी समोरच वाढत होते. एक शब्द बोलले नाही. खरं सांगितलं असतं तर अण्णांनी मला पुन्हा त्या मोटारीत बसू दिलं नसतं, आणि दुसऱ्या कशात तर मुळीच नाही. एम.ए. होईपर्यंत प्रत्येक सुट्टीला हेच. जाताना वळणावर मी मोटारीपुढे, येताना वळणावर मी मोटारीपुढे. घरी आल्यावर त्यांची फुशारकी आणि मी मूग गिळून गप्प. त्या माणसाचा एवढा तिरस्कार मी केला की विचारू नका.

एम.ए. झाले, अलिबागला शाळेत नोकरी लागली. त्यानंतर एका पावसाळ्यात ते तापाने गेले. त्यांच्या तेराव्याला पंगतीत प्रत्येक जण मला सांगत होता, "तुझं शिक्षण त्यांच्या जिवावर झालं हो!" घरी येताना मला राहवलं नाही. म्हटलं, आता कसली भीती? नोकरी हातात आहे.

"अण्णा, एक सांगते. त्या माणसाला शहरात मोटार हाकताच येत नव्हती. मी भर रस्त्यात त्यांच्या मोटारीपुढे चालत जायची."

अण्णा चालता चालता थांबले. "माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"त्यानेच. पहिल्या खेपेहून आलात ना, त्याच संध्याकाळी वाडीत आला. पंगतीत बोलायचा ते सोड, माझ्यापुढे ढसाढसा रडला. म्हणाला, 'अण्णा, मी न्हाय नेली तिला, तिनं मला न्येलं. तिला आता कुटंबी एकटी धाडा, बिनघोर ऱ्हावा.'"

"मग धाडलं का नाही एकटीला?"

"धाडणार होतो. तर म्हणाला, 'मलाबी जाऊ द्या तिच्या मागनं. ती पुढं असली का मला भ्या वाटत न्हाय.'"

मला आणखीच राग आला. इतकी वर्षं मला गप्प बसवलं, आणि स्वतः आधीच सगळं सांगून मोकळे! तशीच तरातरा त्यांच्या अंगणात गेले, चार शब्द सुनावायला. ओटीवर कोणी नव्हतं. मांडवात पंगतीची पानं पडली होती, आणि मला भांडायला माणूस उरला नव्हता.