भातलागवडीचा मार्गदर्शक

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे! एक भाग सोडून. तो कुठला, ते शेवटी.

तासिका तत्त्वावर पंधरा वर्षं घासल्यावर लोणावळ्याच्या एका कॉलेजात मी तर्कशास्त्राचा ‘नवा’ प्राध्यापक झालो. वय चव्वेचाळीस! आता कायम व्हायला काय लागतं? शिकवता येणं? छे हो! विद्यापीठाचा तक्ता भरावा लागतो. माझा ‘विस्तारकार्य’ हा एकच रकाना रिकामा होता. गावात जा, मार्गदर्शन करा, फोटो जोडा. फोटोवर ठिकाण उमटलेलं हवं. मुदत उद्याची. नाहीतर कायमपणा गेला.

गाठलं जवळचं वडिवळे गाव. तिथे हौसामावशींच्या खाचरात आवणी, म्हणजे भातरोपांची लावणी, चालू होती. मी बांधावर फलक रोवला: ‘भातलागवड: शास्त्रीय मार्गदर्शन’. मावशींचे यजमान आबा, त्यांच्या हातात फोटोसाठी मोबाईल दिला.

मावशींना वाटलं, गडी आला मदतीला.

“हुबं काय ऱ्हायलाय? उतरा की चिखलात!”

“मावशी, मी मार्गदर्शन करायला...”

“करा की! पर आदी ही रोपांची मूठ लावा.”

उतरलो. गुडघाभर रुतलो. मी लावलेलं प्रत्येक रोप मावशी उपटायच्या आणि पुन्हा लावायच्या.

“आवं, रोप लावताय का खुंटा ठोकताय?” म्हणत त्यांनी माझा कानच धरला. नेमका तेव्हाच आबांनी फोटो काढला. एकच!

पुढे समिती बसली. अध्यक्षबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

“यात मार्गदर्शक कोण?”

“मी.”

“हे वाकलेले?”

“हो.”

“आणि या बाई?”

“लाभार्थी.”

“लाभार्थीनं तुमचा कान का धरलाय?”

“शंका विचारतायत, मॅडम.”

मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र मावशींना गेलं. मला शून्य!

हसलात? तर हाच तो बनवलेला भाग.

समितीनं फोटोतली माणसं पाहिलीच नाहीत. खाली ठिकाण उमटलंय, एवढं पाहिलं आणि मी कायम झालो. वर विस्तारकार्याचा समन्वयकही!

परवा एक नवी प्राध्यापिका आली. डोळे चमकत होते पोरीचे.

“सर, महिनाभर रोज इंदुरी गावात शिकवायला जात होते. सात बायका आता स्वतःची सही करतात!”

आणि मी, तर्कशास्त्राचा प्राध्यापक, काय बोललो असेन?

“ते राहू दे. फोटोवर ठिकाण उमटलंय का?”