मुकं पाणी

रिकामे ड्रम महिन्याच्या महिन्याला गाडीत चढून परत जातात. किस्से जात नाहीत. जेवणाच्या सुट्टीत एकानं काही सांगितलं की दुसऱ्याला दुसरं आठवतं, आणि भोंगा झाला तरी कुणी उठत नाही. मी मुकादम. उठवणं माझं काम. पण या मुक्या पाण्याच्या गोष्टी निघाल्या की मीही दोन मिनिटं जास्त बसतो. खोटं कशाला बोलू?

आमचा कारखाना मलकापूरच्या बाहेर. औषधं आणि रंग बनवणाऱ्यांना लागणारा कच्चा माल इथे तयार होतो. मी सातवी शिकलेला. त्याआधी खामगावला तेलाच्या गिरणीत होतो. तिथला माझा जोडीदार शालिग्राम. त्याला मीच इकडे आणलं. त्याच्या बायकोला, काशीबाईंना, ते नको होतं. मी त्यांना सांगितलं, "जसा नेतो तसा घरी पाठवीन." मी सहसा कुणाला शब्द देत नाही.

*

ज्याच्या या गोष्टी, त्याचे ड्रम पहिल्यांदा आले तेव्हा नाव मी अक्षर अक्षर लावून वाचलं. इथिलीन क्लोरोहायड्रिन. आमच्या केमिस्ट वानखडे मॅडम, सोनाळ्याच्या. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की हे एक प्रकारचं अल्कोहोलच, फक्त त्याला क्लोरीन जोडलेलं. रंग नाही. पाण्यात मिसळून जातं. पेट घेतं. वास किंचित गोडसर, पण थोड्या वेळानं नाकाला तोही कळत नाही.

"मंग वळखाचं कसं?" शालिग्रामनं विचारलं.

"वळखाचंच नाही, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "ड्रमवरची चिठ्ठी वाचाची."

"मले वाचता येत नाही."

"मंग हात लावाचा नाही."

"त्याच्यापरीस ॲसिड बरं," शालिग्राम म्हणाला. "ते निदान सांगते तरी, मी आलो म्हणून."

मॅडम म्हणाल्या, "तेच तर. हे चटका देत नाही. कातडीतून गुपचूप आत जाते. काही तासांनी उलट्या, चक्कर. जास्त गेलं तर श्वास बंद."

त्या दिवसापासून त्याचं नाव मुकं पाणी पडलं. मॅनेजरसुद्धा आता तेच म्हणतात.

*

माझे काळे रबरी हातमोजे होते. जाड, कोपरापर्यंतचे. मला त्यांचा अभिमान होता. मॅडम म्हणाल्या, "काका, हे याले चालत नाहीत. आरपार जाते."

मी म्हणालो, "भोक दाखवा."

त्यांनी वाद घातला नाही. तसलाच एक जुना मोजा घेतला, त्यात थोडं मुकं पाणी ओतलं, तोंड घट्ट बांधलं, वजन केलं आणि आकडा मला वहीत लिहायला लावला. मग तो वाफ बाहेर ओढणाऱ्या पंख्याच्या कपाटात टांगून ठेवला. चार तासांनी पुन्हा काट्यावर. खाली एक थेंब पडलेला नव्हता. वजन मात्र कमी भरलं.

कापसाच्या गावचा माणूस माणसाचं ऐकत नाही, काट्याचं ऐकतो. मी माझे मोजे स्वतःच्या हातानं कापून टाकले. मग दुसऱ्या जातीच्या रबराचे आले, ब्यूटिलचे. ते इतके ताठ की शालिग्राम म्हणायचा, "हे घातले की हात माहा नाही, सरकारचा वाटते."

*

एकदा मॅडम बोलता बोलता सांगून गेल्या की पूर्वी परदेशात याची वाफ देऊन झोपलेले बटाटे उठवायचे. म्हणजे काढल्यावर बटाटा काही महिने कोंब धरत नाही, तो लवकर धरायचा.

झालं. अर्धा कारखाना शेतकऱ्यांचा. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण माझ्याकडे कडेनं येऊ लागला. फिटर ज्ञानदेव तर चहा घेऊन आला.

"मुकादम, एक बाटली भेटन का? आल्याचं बेणं लय आळशी निघालं या साली."

"नाही."

"फक्त वाफ द्याची, बा. मी काय पिऊन राह्यलो का?"

"नाही."

तो शालिग्रामकडे गेला, की तू तरी सांग याला. शालिग्राम म्हणाला, "बटाटा उठवते अन माणूस झोपवते. तुले घरी कोणाले झोपवाचं हाय, ते सांग पहिले."

ज्ञानदेव चहा परत घेऊन गेला. त्या दिवसापासून गोडाऊनला दोन कुलपं.

*

आता शालिग्रामची खोड सांगतो. तेलाच्या गिरणीत त्याला मान होता तो अंगठ्यामुळे. थेंबभर तेल अंगठा आणि बोटात चोळायचा आणि सांगायचा, सरकीचं आहे की शेंगदाण्याचं, आणि कशाची भेसळ. व्यापारी त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. तीस वर्षांची सवय. इकडे आला तरी ओलं दिसलं की हात पुढे जायचाच.

मी त्याला रागावलो. चारचौघांत बोललो. एकदा मनगटावर फटका मारला. तो म्हणाला, "काऊन मारतं बे? मी कुठं लावतो? तो आपला आपणच जाते."

माझ्या डोळ्यांपुढे काशीबाई यायच्या. मी त्याची ड्यूटी ड्रमांपासून लांब, धुण्याच्या जागेकडे लावली. तिथे फक्त पाणी.

*

तिथेच झालं. सकाळची वेळ. कुणीतरी एक पांढरी कॅन नळापाशी आणून ठेवली होती. चिठ्ठी नाही. साफसफाईची सुमनबाई ती बादलीत ओतून फरशी पुसायला निघाली होती. बाही वर केलेली.

"थांब वं," शालिग्राम म्हणाला.

मी वीस पावलांवर होतो. ओरडलो. त्यानं झाकणावरचा थेंब घेतला आणि चोळला.

"पाणी नोहे," तो मला म्हणाला. "पाण्याहून जड हाय. घसरते."

आणि मग स्वतःच्याच अंगठ्याकडे बघत उभा राहिला. सुमनबाईनं रिकामी बादली सोडली आणि मागे सरली.

मी त्याला फरफटत शॉवरखाली नेला. कपडे काढले, साबण, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. मॅडम मुक्या पाण्याच्या माहितीचा कागद घेऊन गाडीत बसल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "कुठं दुखतं?"

"कुठंच नाही."

"जळजळ?"

"नाही."

डॉक्टरांनी हात उलटासुलटा पाहिला. "काहीच तर नाही. घरी न्या."

"काही दिसत नाही म्हणूनच आणलं, सर," मॅडम म्हणाल्या, आणि कागद त्यांच्यापुढे धरला. डॉक्टर उभ्यानं वाचायला लागले आणि मग खाली बसून वाचायला लागले.

दुपारी शालिग्रामला उलट्या सुरू झाल्या. डोकं धरून बसला. सलाईन लागलं, छातीला तारा लागल्या. काशीबाई आल्या. माझ्या बाजूनं सरळ आत गेल्या. मी दारापाशी बाकावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला, जेवायला द्या. काशीबाईंनी भाकरी आणि तिळाची चटणी आणली. त्याच्यापुढे ठेवली. तो आपल्या हाताकडे पाहत बसला. मग हात मांडीखाली घातला.

"काऊन? भूक नाही का?"

"तू भरव."

"लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे."

त्यांनी पहिला घास दिला. तो खूप वेळ चावत होता. सगळा वॉर्ड बघत होता.

"मीठ कमी हाय," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

काशीबाईंनी डबा माझ्यापुढे केला. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"भाऊ, तुमी पाहा बरं."

मी उठलो. नळावर गेलो, साबणानं दोनदा हात धुतले, आणि येऊन चटणी चाखली.

मीठ बरोबर होतं.