यादीतला शेवटचा जिल्हा आणि भिवाचा दम

आमच्या जिल्ह्याला यादीच्या तळाशी बसवणाऱ्यांनो, तुम्ही खोटारडे आहात! खोटं लिहिलंत म्हणून नाही, न पाहता लिहिलंत म्हणून. शाळा मोजल्यात, पक्के रस्ते मोजलेत, दवाखाने मोजलेत आणि चांदा जिल्हा शेवटून पहिला ठरवलात. मोजा, जरूर मोजा. पण ज्या माणसांना खाली ढकललंत, त्यांच्यातला एक तरी कधी धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उभा असलेला पाहिलात का?

मी हे असं तावातावानं बोलायला लागलो, की ब्रह्मपुरीच्या आमच्या चहाच्या हॉटेलात कोणीतरी म्हणतं, "गुर्जी, थो भिवाचा किस्सा सांगा ना!" मग मी एक सांगतो, तो संपेपर्यंत दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि त्याला खोटं पाडायला तिसरा पुढे येतो. खळ्यावर एक भारा पडला की त्यावर दुसरा येऊन पडतो, तशातली गत. आता ढीग फार उंच झाला, म्हणून लिहून काढतो आहे.

एवढं आधी सांगायला हवं. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. मी नागपुरात बी. ए. करून ब्रह्मपुरीच्या शाळेत मास्तर झालो होतो. नागपूरला हुतूतूची प्रांतिक स्पर्धा भरायची. त्या वर्षी पत्र आलं: सोळा संघांना बोलावत आहोत, पहिल्या आठांत जो येणार नाही त्याला पुढच्या वर्षीपासून बोलावणार नाही. म्हणजे पहिला सामना हरलो, की जिल्ह्याचं नाव कायमचं कटलं!

सगळ्या जिल्ह्यातून अर्ज एकच गेला होता. माझा. संघ अजून व्हायचा होता.

*

ब्रह्मपुरीहून सायकलनं तासाभरावर, वैनगंगेच्या अंगाला एक गाव आहे. तिथली माणसं धान कापून झालं की रिकाम्या बांधीत हुतूतू खेळत. त्यांचा पुढारी पैकू. चाळिशीतला धानवाला शेतकरी, पायाची बोटं पंख्यासारखी फाकलेली. मी मैदान पाहिलं आणि म्हणालो, "पैकूभाऊ, चारी बाजूंनी चुन्याच्या रेषा मारायला हव्यात."

"कायले जी?"

"गडी बाहेर गेला हे कळणार कसं?"

पैकूनं मला बांधीच्या कडेला नेलं. चारी बाजूंनी गुडघाभर उंच मातीचा धुरा होता. त्याला पाठ लावून त्यांचे गडी उभे राहत, चढाई करणारा अंगावर आला की धुऱ्यावर टाच रोवून उसळी घेत. बाहेर जायची सोयच नव्हती!

"चुना एका पावसात धुतल्या जाते गुर्जी," पैकू म्हणाला. "हा धुरा माया आज्यापासून इथीच हाय."

मी वहीत लिहून घेतलं: 'ग्रामीण प्रतिभा. रेषांची गरज नाही.' ती वही अजून माझ्याकडे आहे. उघडायची हिंमत होत नाही.

*

मी सरावाचं वेळापत्रक केलं. पहाटे पाचला तळ्याभोवती दोन फेऱ्या पळायचं. पहिल्या दिवशी मी शिट्टी घेऊन हजर. गडीही हजर, पण कोणी हलेना. बकाराम नावाचा आमचा सगळ्यात जाडजूड गडी मागे वळून झाडीकडे पाहत राहिला.

"काय झालं बकाराम?"

"पाहून राह्यलो जी. वाघ लागला का मांगं? पळाले काऊन सांगता?"

मी त्यांना व्यायामाचं शास्त्र समजावून सांगितलं. फुप्फुसं, रक्ताभिसरण, सगळं. पैकूनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तुमचं बराबर हाय. पन रिकामं पळनं चांगलं नाई दिसत. हा भारा धरा."

त्यांनी धानाचे भारे डोक्यावर घेतले आणि शेतापासून खळ्यापर्यंत पळाले. ओल्या धुऱ्यावरून, एकामागे एक, वीतभर रुंद वाटेवरून! मान हलत नव्हती, एक लोंबी खाली पडत नव्हती. मीही जिद्दीनं एक भारा घेतला. दहाव्या पावलाला मी एका बांधीत होतो आणि भारा दुसऱ्या बांधीत.

आठवड्यात पैकूचं सगळं धान खळ्यावर पोचलं. पैकू म्हणाला, "गुर्जी, तुमचं शास्त्र लय कामाचं हाय!"

*

सहा गडी झाले, सातवा मिळेना. पैकू म्हणाला, "भिवा ढिवराले विचारा. पन थो बोलत नाई."

"अहो, हुतूतूत बोलावं तर लागेल ना?"

"तेवढं बोलन."

भिवा तळ्यावर मासेमारी करत असे. मी गेलो तेव्हा त्याचं जाळं पाण्याखाली बुडालेल्या झाडाच्या खोडाला अडकलं होतं. काठावर त्याची बायको सगुणाबाई मासे निवडत बसली होती. भिवानं माझ्याकडे एकदा पाहिलं, छाती भरून घेतली आणि खाली गेला.

मी वाट पाहिली. पाण्यावरचे बुडबुडे थांबले. वलयं काठाला लागून विरली. मी मनात आकडे मोजत होतो ते चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजले, पुन्हा चुकले. एक बगळा उडत आला, माणूस नाही असं पाहून निवांत बसला. मी काठावरून धावत सुटलो, "बाई! अहो बाई! भिवा वर आला नाही! कोणाला तरी बोलवा!"

सगुणाबाईनं मान वर केली नाही.

"बोंबलू नोका जी," ती म्हणाली. "मासे भेतेत."

मग दूर पलीकडे भिवाचं डोकं वर आलं. हातात मोकळं झालेलं जाळं. धाप नाही, काही नाही. नागपूरच्या कॉलेजात मी शर्यती जिंकणारे पाहिले होते, पदकं छातीवर लावून फिरणारे पाहिले होते. असलं काही पाहिलं नव्हतं. आणि हे कोणत्याच यादीत नव्हतं!

*

नागपूरला छोट्या गाडीनं निघालो. नागभीडला गाडी बदलली. डब्यात एक सद्गृहस्थ भेटले, कोट, छत्री, वर्तमानपत्र. त्यांनी चौकशी केली, "कुठले आपण?"

"चांदा जिल्हा," मी अभिमानानं सांगितलं.

"अरे बापरे! तिथे वाघ फार, नाही का? माणसंबिणसं राहतात का तिथे?"

माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, तोच पैकू अदबीनं म्हणाला, "राह्यत होतो जी. पन आता आमी सारे नागपूरले निंगालो ना. वाघाले सांगून आलो, चार दिस घर सांभाळजो!"

सद्गृहस्थ नागपूर येईपर्यंत वर्तमानपत्रामागून बाहेर आले नाहीत.

*

नावनोंदणीच्या टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, "तुमच्या जिल्ह्याचा नंबर?"

"बघा ना, यादीत असेल."

त्यानं वरून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट हळूहळू खाली आलं, कागद संपला. त्यानं कागद उलटला. मागच्या बाजूला, वेगळ्या शाईत, आमच्या जिल्ह्याचं नाव होतं!

"हां, सापडलं. तुमचा सामना उद्या सकाळी, पहिल्या नंबरच्या संघाशी." मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाला, "दुपारची परतीची गाडी सापडेल तुम्हाला. बिछाने फारसे उलगडू नका."

रागानं माझे कान गरम झाले. बकारामनं मात्र बाहेर आल्यावर त्याची तारीफ केली. "भला मानूस हाय गुर्जी. आपल्या घरी जाची कोनी एवढी काळजी करते का?"

*

आणि सामना सुरू झाला. समोरच्या संघाचे एकसारखे बनियन, शिकवायला खास माणूस, बघायला आलेलं अर्धं शहर. आमच्या बाजूला मी आणि आमचे बिछाने.

समोरचा गडी चढाईला आला. पैकू सवयीनं मागे सरकला, धुऱ्यावर टाच रोवायला गेला, आणि धुराच नव्हता! पैकू चुन्याच्या रेषेपलीकडे धाडकन बसला. शिट्टी. बाद. पाठोपाठ बकाराम. मग आणखी दोघं. कोणी न धरता, कोणी न शिवता आमची माणसं एकेक करून मैदानाबाहेर बसत होती! लोक पोट धरून हसत होते. "जंगलातून थेट आणलेत वाटतं!"

पंचांनी खेळ थांबवून विचारलं, "अहो, तुम्हाला रेषा दिसत नाही का?"

"दिसते जी," पैकू म्हणाला. "पन पाठीले दिसत नाई!"

मध्यंतरापर्यंत आम्ही बारा गुणांनी मागे. मी जिल्ह्याच्या अब्रूवर भाषण सुरू केलं. पैकू माझ्या भाषणातून उठून गेला. मैदानावर धूळ बसावी म्हणून एक म्हातारा माळी झारीनं पाणी मारत होता. पैकू त्याला म्हणाला, "बाप्पा, काठाकाठानं जरासं जास्त मारता का? रेषेच्या आतून, हातभर."

समोरच्या संघानं तक्रार केली. पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं, मिटलं आणि म्हणाले, "पाणी दोघांनाही सारखंच आहे. खेळा!"

आणि मग मी जे पाहिलं! रोवणीपासून कापणीपर्यंत ज्यांचे तळवे चिखलात असतात, त्यांना पाठीमागे पाहावं लागत नाही. टाचेला ओल लागली की गडी थांबायचा. एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. त्यानंतर आमचा एकही माणूस रेषेबाहेर गेला नाही. बारांचे आठ झाले, आठांचे पाच, पाचांचे तीन. माळीबाबा झारी खाली ठेवून आमच्या बिछान्यांवर येऊन बसले होते.

*

शेवटची चढाई. आम्ही तीन गुणांनी मागे. भिवा गेला.

त्यानं एकाला शिवलं न शिवलं, तोच पाच जणांनी त्याच्यावर झडप घातली. दोघं पायांना, एक कमरेला, दोघं पाठीवर. भिवा दिसेनासा झाला. नुसता माणसांचा ढीग. हिशेब सरळ होता. दम न मोडता भिवाचा हात मध्यरेषेला लागला तर पाचही बाद, आम्ही दोन गुणांनी जिंकलो. दम मोडला तर जिल्हा कायमचा यादीबाहेर.

ढिगाखालून आवाज येत होता. हुतूतू, हुतूतू, हुतूतू.

"दम मोडला! पंच, दम मोडला!" त्यांचा शिकवणारा ओरडला.

पंच वाकले. ऐकू येईना म्हणून गुडघ्यांवर बसले. तरी येईना, तेव्हा पांढऱ्या स्वच्छ विजारीसकट ते ओल्या मातीत पालथे पडले आणि ढिगाच्या फटीला कान लावला. मग तसेच पडल्या पडल्या त्यांनी एक बोट वर केलं. गप्प!

अख्खं मैदान गप्प झालं. बाहेरच्या टांग्याच्या घोड्यानं मान हलवली, त्याचं घुंगरू आम्हाला ऐकू आलं. आणि ढिगाखालून, धिम्या लयीत, हुतूतू, हुतूतू.

वरच्या पाचांतला एकेक जण दमत होता. एखाद्यानं श्वास घ्यायला छाती उचलली, की ढीग तेवढ्यापुरता सैल व्हायचा, आणि खालून एक हात बोटभर पुढे यायचा. पुन्हा दाब. पुन्हा कोणी श्वास घ्यायचा. पुन्हा बोटभर. रेषेच्या अलीकडे उभ्या बकारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात दिला असता तर सगळं संपलं असतं, म्हणून त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. पैकूनं डोळे मिटले होते.

एक वीत. चार बोटं. दोन.

भिवाचं मधलं बोट चुन्यावर टेकलं.

पंचांनी पडल्या पडल्याच शिट्टी फुंकली. उठले तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा मातीनं माखलेला होता. त्यांनी पंजा उघडून वर धरला. पाच! पाचही बाद!

ते पाच जण उठले, धापा टाकत बाजूला झाले. भिवा सावकाश उठला. रेषा ओलांडून आमच्या बाजूला आला, अंगभर चिखल, आणि आमच्यासमोर उभा राहिला. शिट्टी त्यानं ऐकली होती की नाही, मला माहीत नाही. त्याचे ओठ हलतच होते. हुतूतू, हुतूतू, हुतूतू. कोणी टाळी वाजवेना. कोणी जागचं हलेना.

शेवटी माळीबाबांनी छातीवर हात दाबून माझा सदरा ओढला.

"गुर्जी, त्याले थांबवा ना जी! थो थांबल्याबिगर मले श्वास घेता येऊन नाई राह्यला!"