पायांवरून माणसं ओळखणाऱ्या आत्याबाई

सोनपेठपासून सेलूपर्यंतचा सगळा गोतावळा आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, पायांवरून ओळखत. तोंडं बघायला त्यांना सवडच नव्हती. तरुणपणी त्यांच्या पोटरीत, आतल्या शिरेत, रक्ताची गाठ झाली होती. तेव्हापासून बसलेलं माणूस त्यांना बघवत नसे. पाव्हण्यांना त्या चहा उभ्यानं पाजत. परभणीच्या एसटीत बाकांमधून येरझारा घालत. एकदा कंडक्टर म्हणाला, "आत्या, बसा की. तिकीट काढलंय ना?"

"जायचं काढलंय, बसायचं न्हाई. पोटरी हलली तरच रगत वर चढतंय, बाबा."

मला बघायला आल्या तेव्हा मी तोंडावर पावडर थापून बसले होते. त्यांनी फक्त घोटे पाहिले. "सारखे हायेत. चालंल." तो राग मी लग्नानंतरही जपून ठेवला.

माझं पहिलं बाळंतपण विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीतलं. बाहेर बंद, आत मी बाजेवर महाराणी. बाळंतिणीनं उठायचं नाही, हा नियम मी इतक्या मनापासून पाळला, की कूस बदलायलाही सासूबाईंना हाक मारायची. एक दिवस डावी पोटरी सुजली, गरम झाली, ठणकायला लागली. मला वाटलं, डिंकाचे लाडू एकाच पायात उतरले. सासूबाईंनी तेल कोमट केलं, चोळणारी बाई पदर खोचून बसली, तेवढ्यात आत्याबाई बाळ बघायला आल्या. बाळ राहिलं बाजूला, त्यांनी माझी गोधडी उचलली.

"वैनी, हात लावू देऊ नका. आत गाठ आसंल. चोळली तर सुटंल अन् छातीत जाऊन बसंल."

"वन्सं, बाळंतिणीला चोळायचं न्हाई तर काय करायचं?"

"परभणीला न्यायचं."

एसट्या बंद होत्या. आत्याबाईंनी कापसाचा ट्रॅक्टर अडवला. मी कापसावर आडवी, कुशीत बाळ, आणि शेजारी आत्याबाई, चक्क बसलेल्या. त्यांना बसलेलं पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरांनी गाठच सांगितली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं झाली, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं त्याच्या दुप्पट आत्याबाईंनी मला घरी आल्यावर अंगणात फिरवलं. शेजारीण विचारायची, "बाळंतीण हाय का पहारेकरी?"

पुढं बऱ्याच वर्षांनी आत्याबाईंनीच अंथरूण धरलं. मी रोज त्यांचे पाय घोट्यातून हलवायची. निजल्या जागेवरून त्यांना माझे पाय दिसत नसत. एकदा बराच वेळ तोंडाकडं बघत राहिल्या.

"लय देखणी हायेस की गं. कुणी सांगितलं न्हाई मला."

तोवर माझे केस पिकले होते. तरी त्या दिवशी मी आरशापुढं बराच वेळ घालवला. उभ्यानंच.